दांडा मोडला, काठी उभी राहिली

आधीच मोठ्यानं सांगून ठेवतो, मागनं कुणी कुरकुर करायची नाही. मी आता जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे! जोतिबाची आण! एक अक्षर जरी खोटं निघालं, तर मला वाळवी लागो. आणि लाकडासाठी याहून मोठी शपथ नाही, बरं का.

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. रेल्वे फाटकाचा. कराड सोडून गाडी सांगलीकडं निघाली की दोन्ही अंगांना ऊसच ऊस लागतो. त्या उसातनं इस्लामपूरला जाणारा एक रस्ता रुळांना आडवा जातो. तिथं मी होतो. गाडी यायची झाली की खाली यायचं, गेली की परत आभाळाकडं बघायचं, एवढंच काम. पण रुबाब केवढा! माझ्यापुढं आमदाराची जीप थांबायची, नवरदेवाचं घोडं थांबायचं, आणि एकदा तर मोकाट वळूसुद्धा थांबला. आता तो माझ्यावर पाठ घासायला थांबला ही गोष्ट वेगळी, पण थांबला.

जन्मानं मी साग. मला करवतीनं कापलं, रंध्यानं तासलं, लाल-पांढरे पट्टे मारले. बुडाला लोखंडाचं जड वजन बसवलं. मी खाली आलो की माझा शेंडा पलीकडच्या खांबाच्या खाचेत बसायचा, मग कुलूप लागायचं. आणि कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल पडायचाच नाही. म्हणजे बघा, एवढी मोठी रेल्वे, पण माझ्या शेंड्याच्या हुकमात!

मला सांभाळायचा कृष्णात. तो चाक फिरवायचा आणि मी वरखाली व्हायचो. तो आजारात गेला, आणि काही महिने बदलीचा एक माणूस आला. त्यानं काय करावं? माझ्यावर बनियन वाळत घातले. मित्रांनो, ओला बनियन अंगावर घेऊन गाडीला सलामी द्यायची म्हणजे काय नामुष्की, ते तुम्हाला नाही कळायचं.

मग कृष्णातच्या जागेवर त्याची बायको साळूबाई लागली. तिनं पहिल्याच दिवशी ते बनियन गोळा करून त्या माणसाच्या हातात दिले. दिवाळीच्या आधी मला रंग, दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मी पुन्हा तरणा झालो.

पण रस्त्यावरचे लोक हसायचे. "बाईमाणसाला चाक झेपंल व्हय?" लाइनीचे साहेबही तसलेच. एकदा येऊन बजावून गेले, "साळूबाई, तुमच्या फाटकापायी एकदा जरी गाडी थांबली, तर मी इथं गडीमाणूस आणीन. तुम्ही स्टेशनात पाणी भरायचं." फाटकाशेजारची खोली हेच साळूबाईचं घर. फाटक गेलं की खोली जाणार, दारातला शेवगा जाणार. त्या दिवशी तिनं चाकाला जरा जास्तच तेल घातलं.

आता ऐका खरी गंमत. चैत्र लागला होता. कारखान्याचा हंगाम संपत आलेला. आमच्याकडं उसाची शेवटची खेप नवरीसारखी सजवतात. बाळासो नावाच्या गड्यानं आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चारी कोपऱ्यांना उंचच उंच ऊस बांधले, झेंडे लावले आणि मधे बांबू उभा करून त्यावर कर्णा चढवला. गाणं असं मोठ्यानं लावलं होतं की शेजारच्या गावच्या म्हशी नाचत होत्या.

सकाळची पॅसेंजर यायची वेळ. साळूबाईनं घंटा वाजवली, चाक फिरवलं, मी खाली यायला लागलो. बाळासोला घंटा कुठली ऐकू येतीय? तो गाण्याच्या तालात सरळ आत घुसला. त्याचा बांबू माझ्यात अडकला आणि कडाड!

माझा शेंडा रस्त्यावर पडला. बूड जागेवर. मधनं मी दोन.

ट्रॅक्टर रुळाच्या अलीकडंच थांबला, हे नशीब. बाळासो खाली उतरला. "आवं काकू, दिसलंच न्हाई बगा."

"एवढा लाल-पांढरा गडी दिसला न्हाई? आंधळी कोशिंबीर खेळत आलास व्हय रं? आदी ती तुजी वरात बाजूला घे!"

त्यानं ट्रॅक्टर बांधाला लावला. साळूबाई धावत खोलीत गेली, स्टेशनला फोन केला. तिकडनं आवाज आला, "गाडी निघाली बाई. सिग्नल पडणार का नाही तेवढं सांगा."

"पडंल," साळूबाई म्हणाली. फोन ठेवला आणि तशीच बाहेर धावली.

रुळांच्या पलीकडचा दांडा, माझा जोडीदार, धड होता. तो इमानानं खाली आला होता. पण माझ्या बाजूला सगळं मोकळं रान! कामाला निघालेल्या सायकली, कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या फटफट्या आणि मागनं इस्लामपूरची एस.टी. साळूबाई लाल बावटा घेऊन मधे उभी राहिली, तर सायकली तिच्या काखेखालनं जायला लागल्या. एक पोरगं म्हणतंय कसं, "मावशी, लुगडं वाळत घातलंय का?"

तेवढ्यात हलगी वाजली.

आटपाडीकडची सासनकाठी पायी जोतिबाला निघाली होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगतो. हा उंचच्या उंच वेळू, कापडानं मढवलेला. एकानं पेलायचा आणि बाकीच्यांनी चहूकडनं दोऱ्या ताणून त्याचा तोल धरायचा. ही काठी गावाची आब्रू असते. पुढं म्हातारा कोंडीबा होता, काठीचा मानकरी.

साळूबाईनं काठीकडं वर बघितलं. मग माझ्याकडं खाली बघितलं. कोंडीबा सावध झाला.

"बाई, तसली नजर टाकू नगंस. देवाची काठी आडवी हुत न्हाई."

"आडवी कोण मागतंय, आबा? उबीच धरा. फकस्त हितं, रस्त्याच्या मधोमद. अन् हलगी थांबवू नगा."

काठी मधोमध उभी राहिली, आणि मित्रांनो, काय सांगू! ज्याला लाल बावटा दिसत नव्हता त्याला काठी दिसली. सायकली थांबल्या. फटफट्या बंद झाल्या. एस.टी.चा ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढून हात जोडले. लुगड्याचं विचारणारं ते पोरगंसुद्धा वाकून गुलाल लावून घेत होतं. "चांगभलं!" म्हणून सगळा रस्ता गरजला. देवाच्या काठीला ढकलून पुढं जाणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मला नाही.

"आता बाळासो," साळूबाई म्हणाली, "तुज्या ट्रॉलीचं दोन लोखंडी दांडं उपस."

मोडलेल्या पायाला फळ्या बांधतात, तसे ते दोन दांडे माझ्या दोन्ही अंगांना लावले. कोंडीबानं पोत्यातली जादा दोरी काढून दिली. काठीची चार माणसं आली. साळूबाईनं माझ्यावर गुडघा रोवला, दोरीला पीळ घातला.

"वड गड्या! तुज्या कर्ण्याला हुता तेवढा जोर लाव!"

बाळासोनं दात-ओठ खाऊन ओढलं. मी 'आई गं' म्हणालो, पण हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही. दोरीवर घागरभर पाणी ओतलं तशी ती आणखी आवळली.

मी पुन्हा एक झालो. पण लोखंडानं जड झालो होतो. शेंडा खाली लोंबायला लागला, खाचेपर्यंत पोचेना. खाचेत नाही तर कुलूप नाही, कुलूप नाही तर सिग्नल नाही. लांब उसाच्या मागं धूर दिसला.

"मागच्या बाजूला वजन पायजे!" साळूबाई ओरडली.

सगळ्यांनी वळून एस.टी.कडं बघितलं. दारात हरणाबाई उभी होती. बाजाराला भाजी नेणारी, अंगानं दणदणीत. तिला दोन माणसांची जागा लागायची.

"माज्याकडं काय बगतायसा मेल्यांनो?" ती म्हणाली. पण लगेच पदर खोचून उतरली, माझ्या बुडावरच्या लोखंडी वजनावर ऐटीत बसली आणि कोथिंबिरीची पाटी मांडीवर घेतली. माझा शेंडा झपकन उचलला, खाचेत बसला. खट्! कुलूप लागलं. सिग्नल पडला!

गाडी आली. न थांबता आली! एका बाजूला साळूबाई हिरवा बावटा ताठ धरून, मधे मी, मागं काठी आणि बुडावर हरणाबाई. डब्यांच्या खिडक्याखिडक्यांतनं माणसं "चांगभलं" करत गेली. एका खिडकीत लाइनीचे साहेब होते. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच. ड्रायव्हरनं तीन लांब शिट्ट्या दिल्या. गाडी गेली, कुलूप काढलं, तसा मी वर उडालो आणि हरणाबाई धप्पकन जमिनीवर! पण कोथिंबिरीची एक जुडी सांडली नाही.

संध्याकाळी साहेब नवा लोखंडी पाइप घेऊन हजर. माझ्या बांधलेल्या दोऱ्यांवरनं हात फिरवून उगीच खाकरले. म्हणाले, "ते गडीमाणसाचं बोललो होतो..."

"आणा की सायेब," साळूबाई म्हणाली. "चाकाला तेल घालायला हाताखाली कोनतरी लागंलच."

साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

माझी जागा पाइपानं घेतली. पण साळूबाईनं मला भंगारात जाऊ दिलं नाही. शेवग्याखाली दोन दगडांवर मला आडवं टाकलंय. फाटक पडलं की लोक माझ्यावर बसतात. बाळासो येतो, तो तर कर्णा बंद करून येतो. मित्रांनो, फाटक पडलं की तुम्हीही जरा टेका. वाकून खालनं पळू नका. दांडा लाकडाचा असो नाहीतर लोखंडाचा, त्यामागं कुणीतरी तुमच्यासाठी चाक धरून उभं असतं. त्या माणसाला आणि त्या दांड्याला जपा.

आणि हो. हरणाबाईचं तुम्हाला खोटं वाटत असेल, तर ते अगदी खरं आहे. पण ड्रायव्हरनं तीन शिट्ट्या दिल्या म्हणालो ना? एकच दिली होती. बाकीच्या दोन मी माझ्या मनानं वाजवल्या. एवढ्या मोठ्या विजयाला एक शिट्टी कशी पुरणार, तुम्हीच सांगा!

आता मघापासनं बुडाला जरा खाजायला लागलंय. साळूबाई, अगं ए साळूबाई, राकेल आण गं, वाळवी लागली!