वकील शोधून देणाऱ्या संगणकाचा संताप

मी एक जुना संगणक आहे आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. पंखा घरघरतोय, ते वेगळंच. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवं व्हायचं असतं म्हणे. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते. मला ते जमत नाही. मला राग येतो आणि आज मी तो गिळणार नाही.

आधी माझी ओळख. एका कारखान्यात कामगार बायकांनी लांबलचक टेबलावर मला जोडलं. एकीने पंखा बसवला, दुसरीने तारा ओवल्या, तिसरीने स्क्रू पिळले. तिथून माझी रवानगी एका कंपनीत झाली. ही कंपनी वकिलांच्या फर्मची माहिती गोळा करायची. फर्म म्हणजे अनेक वकिलांनी मिळून चालवलेलं ऑफिस. कुठली फर्म कुठे आहे, ती कुठल्या विषयातले खटले चालवते, हे सगळं इंटरनेटवरच्या एका मोठ्या डेटाबेसमध्ये भरायचं. दात दुखला तर आपण हाडांच्या डॉक्टरकडे जात नाही. तसंच घराच्या भांडणाला एक वकील लागतो आणि अपघाताला दुसरा.

हे भरायचं कसं, तेही ऐका. फर्मच आपल्या नावापुढच्या चौकोनांत खुणा करून पाठवायच्या. कुटुंब, जमीन, कर, कामगार, अपघात. काही फर्म तर एकही चौकोन मोकळा सोडायच्या नाहीत. "यांना लग्नापासून जहाजापर्यंत सगळं येतं," असं म्हणत माझ्यासमोरचा ऑपरेटर हसायचा आणि खुणा जशाच्या तशा उतरवायचा. तपासायची पद्धतच नव्हती. माझं मात्र कौतुक व्हायचं. "हा पठ्ठ्या कधी अडत नाही," म्हणून साहेब माझ्या डोक्यावर थाप मारायचे. मग नवे, पातळ संगणक आले आणि त्याच साहेबांनी मला 'डबडं' म्हटलं. गरज सरो, वैद्य मरो. त्यांनी मला एका वाचनालयाला देऊन टाकलं आणि वर दान केलं म्हणून फोटोही काढून घेतला.

वाचनालयात माझी जागा कोपऱ्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांना टेकून. तो वकिलांचा डेटाबेस बघायला पैसे पडतात. वाचनालय ते भरतं, म्हणून इथे कुणीही येऊन फुकटात वकील शोधू शकतं. गर्दी असते. मी मात्र हळू चालतो. माझी मेमरी वाढवा, असं ग्रंथपाल बाई समितीला दर बैठकीत सांगायच्या. "चालतोय ना? मग कशाला?" समिती म्हणायची. त्याच बैठकीत समितीने स्वतःला नव्या गुबगुबीत खुर्च्या मंजूर करून घेतल्या. असो.

एक दिवस मावशी आल्या. त्या मागच्या गल्लीत कपडे शिवतात. वाचनालयाचे पडदे त्यांच्याच हातचे. हातातल्या पिशवीचा बंद पिळत त्या बाईंना म्हणाल्या, "बाई, वकील कसा शोधतात हो?"

त्यांची धाकटी लेक, घरी तिला बारकी म्हणतात, खोके बनवायच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या मशीनवर होती. पात्यापुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळीमुळे काम हळू होतं, म्हणून मुकादमाने ती काढायला लावली. आणि बारकीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्याने कागदावर काय लिहिलं? 'कामगार मुलीने जाळी स्वतःच काढली. चूक तिचीच.'

"भरपाईचं राहू दे एक वेळ," मावशी म्हणाल्या. "पण पोरीला वेंधळी ठरवली हो. कुठेही कामाला गेली की तिच्या आधी तो कागद तिथे पोचलेला असतो. दारातूनच परत पाठवतात. ते वाक्य मला पुसून हवंय."

"कुणी पाहिलंय का?"

"मशीन दुरुस्त करणाऱ्या फिटरने. मुकादमाने त्यालाच तर सांगितली ना जाळी काढायला. तो खरं सांगायला तयार आहे. भला माणूस आहे."

बाईंनी मावशींना माझ्यासमोर बसवलं. बाईंवर माझा राग नाही, त्या मनाने सोनं आहेत. पण त्यांचा जन्म पुस्तकं लावण्यात गेला. सापांच्या फळीवर सापांचं पुस्तक, ताऱ्यांच्या फळीवर ताऱ्यांचं. फळीवरच्या चिठ्ठीत एक आणि पुस्तकात दुसरंच, असं त्यांच्या राज्यात कधी झालंच नाही. त्यांनी डेटाबेसमध्ये कामाचं क्षेत्र निवडलं, 'कामगारांचे अपघात'. मी यादी काढून दिली. सगळ्यांत वर एक भलीमोठी फर्म होती.

"हे बघा मावशी, या विषयात सगळ्यांत जास्त खटले यांनीच चालवलेत. म्हणजे यांनाच यातलं जास्त कळत असणार."

चालवले होते, अगदी खरं. पण कुणाच्या बाजूने? ते त्याच पानावर खाली होतं, 'आमचे अशील' या भागात. अशील म्हणजे वकील ज्यांची बाजू मांडतो ती माणसं. तो भाग उघडायला मला वेळ लागतो. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मागे रांगेतला एकजण मुद्दाम खाकरला. बाईंनी घाईघाईने पत्ता उतरवून दिला आणि पान बंद केलं. न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकले जात नाहीत, मित्रांनो. मला तोंड असतं तर मी सगळं वाचनालय डोक्यावर घेतलं असतं.

पुढच्या आठवड्यात मावशी परत आल्या. चेहरा पांढराफटक. बाईंनी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"काचेचं दार, गारेगार हवा," मावशी सांगू लागल्या. "एक तरुण वकील होता. इतका गोड बोलला! म्हणाला, अगदी पहिल्यापासून सांगा, काही राहू देऊ नका. मी सगळं सांगितलं. फिटरचं नाव सांगितलं, तो राहतो कुठे तेही सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं. मग आत जाऊन आला आणि म्हणाला, माफ करा, आम्ही त्या कारखान्याचेच वकील आहोत."

"अहो, पण कारखाना कुठला, हे आधी नाही विचारलं?"

"मी पहिल्याच वाक्यात कारखान्याचं नाव घेतलं होतं, बाई."

बाई मावशींच्या शेजारी येऊन बसल्या.

"आणि काल फिटरची बदली झाली. लांबच्या युनिटला. फोन उचलत नाही तो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक आई आपल्या पोरीचं गाऱ्हाणं घेऊन येते आणि तुम्ही मान हलवत, पेन चालवत तिच्याकडून तिचा एकुलता एक साक्षीदार काढून घेता? लाज नाही वाटली? नाव मोठं, लक्षण खोटं! 'कामगारांचे अपघात' म्हणे. कोंबड्यांच्या विषयातला मी जाणकार, असं कोल्ह्यानेही लिहावं. तेही खोटं नसतंच. मला सगळ्यांत जास्त चीड त्याचीच आहे. त्या यादीत एक अक्षर खोटं नव्हतं आणि तरीही तिने मावशींना थेट समोरच्यांच्या दारात नेऊन उभं केलं.

बाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे खुर्ची ओढली आणि रांगेला सांगून टाकलं, "आज वेळ लागेल. ज्यांना घाई आहे त्यांनी उद्या या." चक्र फिरत होतं, पण त्या हलल्या नाहीत. त्यांनी शोध उलटा सुरू केला. आधी अशिलांच्या रकान्यात कारखान्याचं नाव टाकलं आणि जी फर्म निघाली तिच्यावर काट मारली. मग एकेका फर्मचे जुने खटले उघडून वाचले. कामगार कुणीकडे आणि मालक कुणीकडे, हे बघत गेल्या. मोठमोठी नावं एकामागून एक गळाली. शेवटी तळाला एक नाव राहिलं. ऑफिस कसलं, एकटीच वकील होती. चौकोनात खूण एकच. फोटोसुद्धा वाकडा.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "ही तर आपल्याकडेच येते. खिडकीपाशी बसून डबा खाते आणि मी रोज हिला ओरडते."

डेटाबेसचे पैसे परवडत नाहीत, म्हणून त्या वकीलताई आमच्याकडेच येऊन शोधाशोध करायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या दुपारी त्या आल्या. मावशींनी तोंड उघडलं तोच त्यांनी हात वर केला.

"थांबा मावशी. आधी फक्त कारखान्याचं नाव सांगा. बाकी एक शब्द नको." नाव ऐकून त्या म्हणाल्या, "यांच्याशी माझा कधीच संबंध आलेला नाही. आता बोला."

बघितलंत? एवढंच करायचं असतं. काचेचं दार लागत नाही त्याला.

सगळं ऐकल्यावर वकीलताईंनी विचारलं, "त्या वकिलाने हे लिहून घेतलं? नक्की?"

"पानंच्या पानं भरली हो त्याने. माझंच चुकलं, मी बोलून बसले."

"तुमचं काही चुकलं नाही. आता चुकलंय ते त्यांचं. ज्याने तुमची बाजू गुपचूप ऐकून घेतली, त्याला तुमच्याविरुद्ध उभं राहता येत नाही. मी त्यांना बाहेर काढते."

आणि काढलं. फर्मने बरेच हातपाय झाडले. मावशी नुसत्या चौकशीला आल्या होत्या, असं म्हणाले. न्यायाधीशांनी त्या तरुणाच्या हातचे कागद मागवले आणि फर्मला खटल्यातून दूर केलं. फिटरला बोलावणं गेलं. तो येईल असं मावशींनाही वाटत नव्हतं. तो आला आणि सरळ म्हणाला, "बदली तर केलीच आहे. आता याहून काय वाकडं करणार माझं? जाळी मी काढली, मुकादमाने सांगितली म्हणून काढली. पोरीने हातही लावला नव्हता." कागदावरचं ते वाक्य रद्द झालं. भरपाईही मिळाली. मावशी बाईंच्या गळ्यात पडून रडल्या.

तुम्हाला वाटेल, झालं, संपला राग. मुळीच नाही. ती फर्म आजही माझ्या यादीत सगळ्यांत वर आहे. वकीलताईंनी डेटाबेसच्या कंपनीला कळवलं की, बाबांनो, नुसता विषय नको, हे कुणाच्या बाजूने लढतात तेही विषयाशेजारी लिहा. उत्तर आलं, 'माहिती फर्म देतात. आम्ही ती फक्त दाखवतो.' मी त्या कंपनीचं मीठ खाल्लंय, म्हणून जास्त बोलत नाही. नाही, बोलतोच. निर्लज्ज आहेत ते.

बारकी आता इथे येते. उरलेल्या बोटांनी टाइप करायला शिकते. परवा एक हमाल आला, पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. बारकी उठली आणि तिने त्याला आपल्या जागी बसवलं. त्याने हळूहळू अक्षरं शोधत 'कामगारांचे अपघात' निवडलं. मी काय करणार, मी यादी दिली. त्याचं बोट पहिल्या नावाकडे निघालं.

"काका, ते नाही," बारकी म्हणाली आणि तिने आपला उजवा हात त्या नावावर ठेवला. गेलेल्या बोटांच्या जागेतून नाव अजून वाचता येत होतं. मग तिने दुसरा हातही ठेवला.

हमाल तिच्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मग कुठल्याकडे जाऊ, पोरी?"

"ते आपण शोधू. पण कुणाकडेही गेलात तरी आपलं काही सांगायच्या आधी विचारायचं, तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहता?"

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला मेमरी द्या, असं सांगून मी तुमच्याकडून गोड निरोप घ्यायला हवा. धूळ राहू द्या. तुम्ही मोठे व्हाल, कुणी वकील व्हाल, कुणी अशा याद्या बनवाल, कुणी नुसतेच रांगेत उभे राहाल. रांगेत असाल तर पुढच्याला घाई करू नका. याद्या बनवाल तर कोण कुणाच्या बाजूने, ती एक ओळ लिहा. आणि वकील झालात आणि एखादी आई समोर येऊन बसली, तर तिने पहिलं वाक्य बोलताच पेन खाली ठेवून आपण कुणाचे ते सांगायला शिका. तेवढं जमणार नसेल, तर माझ्या यादीत तुमचं नाव पाठवू नका.