मिनिटाला नऊ लिटर

ईवोर पोस्ट यांनी मला बेकरीच्या दारात गाठलं. फेब्रुवारी होता, पाऊस आडवा येत होता आणि मला बँगोरला एका कामावर पोचायचं होतं.

“नेरिस, मला बॉयलर हवाय. स्वस्तातला. पण ईस्टरच्या आत.”

मी बघतच राहिले. आमच्या बेथेस्डा गावात माणसाच्या नावाला त्याचा धंदा चिकटतो. ईवोर यांनी चौतीस वर्षं टपाल वाटलं, म्हणून ते ईवोर पोस्ट. माझे वडील हेविन गॅस. ते थकले तशी व्हॅन, हत्यारं आणि नाव, तिन्ही माझ्याकडे आली. याच वडिलांनी ईवोर यांच्या मागे लागून लागून हात टेकले होते. आठ वर्षांपूर्वी ईवोर यांची आई गेली, त्याच हिवाळ्यात त्यांच्या घरातली विजेवर पाणी तापवणारी टाकी फुटली. वडील दोनदा आपणहून गेले. दोन्ही वेळा “एकट्या माणसाला किटली पुरते” असं म्हणून ईवोर यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून हा माणूस किटलीभर पाण्यात अंग पुसत होता.

“आता एकदम काय झालं?” मी विचारलं.

“म्हातारा झालो.”

“ते तर गेल्या वर्षीही होतात.”

“येतेस की चेस्टरच्या त्या बॉयलर विकणाऱ्या टायवाल्याला होकार कळवू?”

दुसऱ्या दिवशी मी गावाच्या वरच्या अंगाला गेर्लानला, त्यांच्या घरी गेले. वर चढत जाणाऱ्या रस्त्यावर दगडी घरांची रांग आहे, त्यातलं शेवटून तिसरं. खाली दोन खोल्या, वर एक झोपायची आणि एक न्हाणीघर. टायवाला येऊन गेला होता, त्याची चकचकीत पत्रकं टेबलावर पसरली होती. पस्तीस किलोवॅटचा बॉयलर, फोनवरून चालू-बंद होणारा, चार हजार पौंडांच्या वर. ईवोर यांनी त्या चित्रावर बोट ठेवलं.

“हा कसा आहे? सगळ्यात मोठा हाच म्हणाला.”

“मोठ्ठाच आहे. तीन न्हाणीघरांच्या बंगल्याला शोभेल. घरात माणसं किती?”

हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. किती जण, अंघोळ टबात की फवाऱ्याखाली, एका वेळी किती नळ चालतात. त्यावरच सगळं ठरतं.

“एक,” ते म्हणाले. मी लिहिलं. मग त्यांनी कपातला चहा ढवळला, साखर नव्हती तरी ढवळला. “दोन लिही. म्हणजे चार दिवस दोन. ईस्टरचे.”

मी पेन खाली ठेवलं. “कोण येतंय?”

“तू बॉयलरचं बघ.”

“बॉयलरचंच बघतेय. ती टबात अंघोळ करणार की फवाऱ्याखाली?”

ते हसले, आणि मग त्यांना सांगावंच लागलं.

पंचविशीत असताना ते दोन उन्हाळे हॉलीहेडच्या बंदरावर टपालाच्या थैल्या उतरवायला होते. आयर्लंडच्या बोटीवर चहाच्या काउंटरला नूला नावाची मुलगी होती. बोट दोन तास थांबायची. ते दोन तास दोन वर्षं पुरले. शहाऐंशीच्या जानेवारीत ती घर बघायला म्हणून इथे आली. तेव्हा संडास मागच्या अंगणात होता, अंघोळ शेगडीपुढे पत्र्याच्या टबात, आणि पाणी चुलीवर तापवून बादल्यांनी ओतायचं. नूला तशाच घरातून पळून बोटीवर आली होती. निघताना ती म्हणाली, “ईवोर, मला तू आवडतोस. पण मी आता आयुष्यभर बादल्या उचलणार नाही. या घरात गरम पाण्याचा नळ लाव, मी पुढच्या बोटीनं येते.”

“मग का नाही लावलात?”

“आई म्हणाली, तुझ्या बापाला चाललं ते तिला का चालू नये? माझ्या हयातीत भिंती फोडायच्या नाहीत.” त्यांनी पत्रकाची घडी घातली, उलगडली. “मी म्हटलं, समजूत काढू हळूहळू. नूला दोन वर्षं थांबली. मग तिकडे आयर्लंडात ड्रॉहेडाच्या एका औषधवाल्याशी लग्न केलं तिनं. पुढे सहा वर्षांनी नगरपालिकेनंच पैसे देऊन सगळ्या गल्लीत न्हाणीघरं बांधली. आईनं एक शब्द काढला नाही. रोज टबात बसायची.”

औषधवाला तीन वर्षांपूर्वी वारला होता. नाताळात नूलाचं कार्ड आलं: ईस्टरला चेस्टरला मावसबहिणीकडे येतेय, वाटेत उतरले तर चालेल का?

मी उठले आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली मापाचं भांडं धरलं. नळ पूर्ण सोडून घड्याळ लावलं. मिनिटाला नऊ लिटर.

“हे बघा,” मी म्हटलं, “कॉम्बी बॉयलरला टाकी नसते. नळ उघडला की तो पेटतो आणि पाणी जाता जाता तापवतो. रस्त्यातून तुमच्या घरात येणारी नळी जुनी, बारीक आहे. ती मिनिटाला नऊच लिटर देते. बॉयलर कितीही मोठा आणा, जे पाणी आलंच नाही ते तो कुठून तापवणार? चोवीस किलोवॅटचा घ्या, भिंतीवरच्या कपाटाएवढा. किंमत निम्म्यावर येईल. उरलेल्यात खोल्या तापवायला दोन रेडिएटर बसवू.”

“टब भरायला किती वेळ?”

“चौदा-पंधरा मिनिटं.”

“आणि टायवाल्याच्या मोठ्यानं?”

“चौदा-पंधरा मिनिटं.”

मग हमीवर गाडी अडली. तसाच एक बॉयलर पाच वर्षांच्या हमीचा, एक सातचा, एक दहाचा. ईवोर दहाच्यावर अडून बसले. त्याला तीनशे पौंड जास्त पडत होते, आणि ते कशातून काढायचे हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते स्वतःशीच पुटपुटत होते, “दहा म्हणजे मी त्र्याहत्तर. ती एकाहत्तर.” चार दिवसांच्या पाहुणीसाठी दहा वर्षांचा हिशेब कोण मांडतं? शेवटी त्यांनीच निकाल दिला, “सातवाला घेऊ. सत्तरीपर्यंत गरम पाणी. पुष्कळ झालं.”

बॉयलर बसवायला एकच भिंत सोयीची होती, स्वयंपाकघरातली, आणि तिथे आईच्या ताटल्यांची फळी होती. निळ्या नक्षीच्या एकोणीस ताटल्या. “मी उतरवू?” म्हटलं तर नको म्हणाले. एकेक ताटली स्वतः उतरवली, कागदात गुंडाळली, खोक्यात ठेवली. मग फळीचे स्क्रू काढून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “फोड आता.”

दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅस सोडला आणि त्यांना नळ उघडायला सांगितला. बॉयलर धडधडून पेटला. त्यांनी धारेखाली हात धरला आणि तसाच ठेवला, बोटं लाल झाली तरी. “एवढंच होतं,” ते म्हणाले. मी सामान आवरायच्या निमित्तानं व्हॅनकडे गेले.

ईस्टरला नूला आली नाही. तिच्या मुलीचं बाळंतपण आधीच उरकावं लागलं, बाळ नाजूक होतं. ईवोर यांनी सगळ्या गल्लीला हे असं सांगितलं जणू त्यांचंच नातवंड. पण मला बेकरीवाली म्हणाली, त्यांनी आणलेला मनुकांचा केक जसाच्या तसा परत आणून दिला होता, “एकट्याला फार होतो” म्हणून.

जूनमध्ये एका गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज चिरका झाला होता. “गरम पाणी बंद. गार येतंय. ती अकराच्या बसनं येतेय, नेरिस!”

मी गेले. प्रेशरचा काटा एकच्या खाली घसरला होता, बाकी काही नव्हतं. खालची चावी फिरवून पाणी भरलं, काटा वर आला. दोन मिनिटांचं काम. ईवोर इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभे होते, गालावर दाढी करताना कापलेलं.

तेवढ्यात दार वाजलं.

नूला बुटकी होती, पांढरे केस आखूड कापलेले, हातात एवढीशी पिशवी. तिनं दारातूनच ईवोर यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तू वाळलास.”

“तू नाहीस वाळलीस.”

“शिकला नाहीस अजून बोलायला.” मग तिची नजर माझ्याकडे आणि माझ्या मागच्या पांढऱ्या डब्याकडे गेली. “हाच का तो?”

“हाच,” ईवोर म्हणाले. “चोवीस किलोवॅट. नेरिसनं बसवला. सात वर्षांची हमी.”

नूलानं पिशवी खुर्चीवर ठेवली, नळ उघडला, बोट धरलं. मग म्हणाली, “अडतीस वर्षं लागली रे तुला.”

“हो.”

“टॉवेल आहे का स्वच्छ?”

ती वर गेली. पाणी सुटल्याचा आवाज आला आणि आमच्या डोक्याशी बॉयलर पेटला. मी निघत होते, पण ईवोर यांनी बाही धरली. “बस ना जरा.” त्यांना त्या घरात तेव्हा एकटं बसवत नव्हतं, हे दिसत होतं. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. पाइप भिंतीतून वर जात होता, त्यातून पाणी वाहत होतं. ते त्या पाइपकडे बघत होते.

“मोठा घ्यायला हवा होता का?”

“नळीच तेवढी आहे, ईवोर.”

“हो, हो. बोललीस तू.” थोड्या वेळानं म्हणाले, “हळू भरतोय तेच बरंय.”

पाणी थांबलं, बॉयलर विझला. मी निघाले. बाहेर पडताना वरून नूलाच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. ईवोर जिन्याच्या तळाशी, कठड्यावर हात ठेवून उभे होते. वर बघत नव्हते, नुसते उभे होते.

ती पाचच्या गाडीनं गेली.

पुढच्या फेब्रुवारीत मी वार्षिक तपासणीला गेले तेव्हा त्यांनी बाकीचं सांगितलं. स्टेशनवर त्यांनी तिला विचारलं होतं, राहशील का? तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला होता. “ईवोर, तेव्हा मी पाण्यासाठी आले असते. आता पाणी माझ्या घरी आहे. मुलगी आहे, तिची पोरं आहेत. तू ये की तिकडे.”

“मग?”

“मग काय, घर सोडून कसा जाऊ? पाइप गोठले तर?”

मी बॉयलरचं झाकण काढून त्यांना दाखवलं. थंडी वाढली की हा आपोआप थोडा वेळ पेटतो आणि पाइप गोठू देत नाही. फक्त वीज आणि गॅस बंद करायचा नाही. त्यांनी ते तीनदा विचारून घेतलं.

“महिनाभर गेलं तरी?”

“महिनाभर गेलं तरी.”

ते गेले तिकडे. एप्रिलमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा. दोन्ही वेळा महिन्याच्या गोष्टी करत बोटीवर चढले आणि नवव्या दिवशी परत आले. तिच्या घरात तिच्या मुलीची पोरं असतात, ईवोर यांच्यासाठी जागा माळ्यावरच्या खोलीतली. ती त्यांना प्रेमानं वाढते, त्यांच्या चुका काढते, आणि राहा असं म्हणत नाही.

या वर्षीच्या तपासणीला मी विचारलं, “मग कसं वाटतं तिथे?”

त्यांनी बिनसाखरेचा चहा ढवळला.

“सकाळी ती पोरांना शाळेत सोडायला जाते,” ते म्हणाले. “तेव्हा पाऊण तास मी त्या घरात एकटा असतो. कप धुतो, खिडकीत उभा राहतो. तो वेळ मला सगळ्यात आवडतो. ती परत येणार असते ना.”