बाक कोपऱ्यावर गेला

अध्यक्षसाहेब, संघटना कारखान्याच्या मालकाने मोडली, असं तुम्ही भाषणात सांगता. साफ खोटं आहे. दार तुम्हीच आतून लावून घेतलंत.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, कामगार संघटनेच्या कचेरीतला. कारखान्यातल्या सुतारांनी जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या फळ्या ठोकून मला उभं केलं. पहिल्या संपात मी फाटकासमोर होतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी माझ्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, मग काय झालं ते विचारायचं, अशी आमची रीत. मालकाची माणसं मला बघून रस्ता बदलायची!

पुढे कायम कामगार घटले, कंत्राटी आले. साहेब, तुम्ही म्हणालात, "ते आपले नव्हेत." माझ्यावर रद्दीचे गठ्ठे चढले.

परवा एक मुलगी लंगडत आली. स्कूटरवरून घरपोच सामान देणारी. कामावर असताना पडली, आणि कंपनीने ॲपवरचं तिचं खातंच बंद केलं. म्हणजे कामच गेलं.

"तू कामगार नाहीस गं. कंपनी तुला भागीदार म्हणते," तुम्ही म्हणालात.

"भागीदार? मग नफ्यातला माझा वाटा कुठाय, काका?"

तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घातलंत. दुखऱ्या पायावर ती उभीच, आणि मी समोर, रद्दीखाली. लाकडाला लाज वाटते, साहेब.

कारखान्यात लेथ यंत्र चालवून निवृत्त झालेले एक आजोबा कचेरीत बसले होते, ते चहा टाकून उठले. गठ्ठे जमिनीवर ढकलले.

"बस आधी. पाणी घे. आणि तुझ्यासोबतच्या स्कूटरवाल्यांना बोलाव, हा बाक न्यायचाय."

"कुठे?"

"तुम्ही ऑर्डरची वाट बघता तिथे. तुम्हाला फाटक नाही ना? मग जिथे उभे राहता तेच फाटक."

आता मी कोपऱ्यावर, फुटपाथवर आहे. माझ्यावर स्कूटरवाले बसतात, कंत्राटी सफाईवाल्या बसतात. आजोबा एकेकाला विचारतात, "बोल, काय झालं?" एकाचं दुखणं दुसऱ्याला कळतं. संघटना अशीच सुरू होते, मित्रांनो. मला रंग नका देऊ, हार नका घालू. फक्त रिकामा ठेवू नका. काम जिथे जाईल तिथे मला उचलून न्या.

उद्या सकाळी सगळे ऑर्डर न घेता, फोन बंद ठेवून त्या मुलीसोबत तिच्या कंपनीत जाणार आहेत. कंपनी म्हणते, एकेकट्याने या. नोंदलेल्या संघटनेचा अध्यक्ष सोबत असला, तर तिला असं हाकलणं जड जाईल.

साहेब, येताय का? हो की नाही, तिच्या तोंडावर सांगा.