फळ्यावर काही नाही

वाडीत शिरलात की डाव्या हाताला, जिन्यापाशी, मान जरा वर करून बघा. कोपरे झिजलेला, रंगाचे पोपडे निघालेला एक जुना फळा दिसेल. तो मी. मित्रांनो, ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत हल्ली मान वर करायला कुणाला फुरसत नसते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

माझी चौकट सागवानी आहे, याचा मला अजून थोडा ताठा आहे. सुताराने मला घडवलं आणि वाडीने गंगाधररावांच्या हवाली केलं. ते फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. कामावर निघण्याआधी रोज आठ वाजता ते खडू घेऊन माझ्यासमोर उभे राहत. पाणी कधी येणार, कोण परीक्षेत पहिलं आलं, कोण आजारी आहे, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात माझ्यावर उमटे. लोक थांबून वाचत आणि अक्षराचं कौतुक करत. कुणी वारलं, तर मात्र ते फक्त तेवढंच लिहीत. त्या दिवशी पाण्याची वेळ जिन्यात ओरडून सांगत, पण त्या नावाशेजारी लिहीत नसत. त्यामुळे वाडीला सवयच लागली होती, की फळ्यावर काही नाही म्हणजे सगळे बरे आहेत.

पुढे गंगाधरराव मुलीकडे बदलापूरला गेले आणि ऋताने वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. ऋता गुणी मुलगी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ग्रुपवर एकशे नव्वद माणसं, त्यांतली वाडीत राहणारी जेमतेम साठ. गंगाधरराव बदलापुरातून वाडीला रोज सुप्रभात म्हणतात. वाडी अशी लांबलांब पसरली आणि मी जिथल्या तिथे टांगलेला राहिलो. शेवटची सूचना कुणीतरी पुसली, त्यानंतर नवी कुणी लिहिली नाही. फार एकटं वाटायचं.

मला वाचायला येत त्या एकट्या राजलक्ष्मीबाई. दुसऱ्या मजल्यावर, अकरा नंबरच्या खोलीत त्या एकट्याच राहतात. त्यांचा फोन बटणांचा. समोरच्या चाळीत तशाच एकट्या राहणाऱ्या मृणालिनीबाई त्यांची मैत्रीण. दोघी संध्याकाळी माझ्याखालच्या बाकावर भाजी निवडत बसत. गेल्या महिन्यात मृणालिनीबाईंना परळच्या इस्पितळात नेलं. त्यांचा फोन लागेना, तेव्हा राजलक्ष्मीबाई रोज सकाळी खाली येऊन चष्मा सारखा करून माझ्याकडे बघत.

"काही नाही लिहिलेलं. म्हणजे मृणाल बरी आहे," असं म्हणून त्या वर जात.

एका रविवारी ऋता माझ्याखाली उभी राहून मोबाईलवर मजकूर लिहीत होती. लिहिता लिहिता ती डोळे पुसत होती. मृणालिनीबाई गेल्या होत्या आणि त्यांना परळहूनच स्मशानात नेणार होते. मला सगळं कळलं, पण माझ्या अंगावर खडू उठला नाही. सोमवारी राजलक्ष्मीबाई आल्या, कोरा फळा पाहून समाधानाने वर गेल्या. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही तसंच झालं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी त्या पेजेचा डबा घेऊनच उतरल्या.

"ऋता, परळला कुठली बस जाते गं? मृणालला पेज नेते."

"काकू… अहो, रविवारीच ग्रुपवर टाकलं होतं. तुम्हाला कुणीच नाही सांगितलं?"

"कुठल्या ग्रुपवर?" त्यांनी विचारलं आणि त्या बाकावर बसल्या. "फळ्यावर तर काहीच नव्हतं."

थोड्या वेळाने त्या उठल्या. माझ्या चौकटीवरचा खडूचा तुकडा घेऊन त्यांनी लिहिलं, 'मृणालिनी गेली.' त्या नावाशेजारी दुसरं काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज आठ वाजता येऊन तारीख घालून लिहू लागल्या, 'राजलक्ष्मी, खोली अकरा. आज बरी आहे.' ऋताने फोटो काढून ग्रुपवर टाकला. चिक्कार बदाम आले. बदलापूरहून गंगाधररावांनी 'अक्षर सुरेख' असं कळवलं. दोन जिने चढून मात्र कुणी गेलं नाही.

मित्रांनो, आता दहा वाजून गेलेत आणि माझ्यावर अजून कालचीच तारीख आहे. माणसं खालून जाताहेत, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये आहेत. मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणी वाडीत असाल, तर माझा फोटो काढू नका. दुसरा मजला, खोली अकरा. दार वाजवा.