सोनुबाईच्या काठीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. आधार देणाऱ्या वस्तूनं मनात राग धरू नये, असं तुम्हाला वाटत असेल. मी धरला आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

माझा जन्म कर्जतकडच्या चौक गावाजवळच्या एका खेड्यात, भातशेतीच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडावर झाला. लावणीच्या चिखलात वर्षानुवर्षं वाकून सोनुबाईचे गुडघे धरले, तेव्हा तिचा नवरा सखा यानं माझी फांदी तोडली, कोयत्यानं तासली आणि काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केली. "घे, सोनू. आता पडायचं नाय," तो म्हणाला. मी तिला कधी पडू दिलं नाही. विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात मी तिच्यासोबत असे. "काठी झ्याक हाय गं!" बायका म्हणत, आणि मला धन्य वाटे.

मग कुणीतरी तिला हायवेवरच्या शरच्चंद्र वैद्यराजांचं नाव सांगितलं. पांढराशुभ्र सदरा, मधासारखं बोलणं, भिंतीवर टांगलेल्या मुळ्यांच्या जुड्या. त्यांनी तपकिरी पावडरच्या पुड्या बांधून दिल्या. "शुद्ध जडीबुटी आहे, मावशी. काही अपाय नाही."

पुडीनं जादू केली. आठवड्याभरात सोनुबाई काठीविना चालू लागली. मी दाराआड उभी राहिले, पण मला दुःख झालं नाही. तिचे गुडघे बरे झाले, यापेक्षा मला काय हवं होतं?

पुढं तिचा चेहरा भरला. "तब्येत सुधारली हां!" शेजारणी म्हणाल्या. पण भरलं ते फक्त तोंड, पोट आणि मानेमागचा गोळा. हातपाय मात्र काटक्यांसारखे झाले. नुसता धक्का लागला तरी कातडीवर काळेनिळे डाग पडत. पोटावर जांभळे पट्टे उमटले. चुलीपुढं बसली की तिला उठता येईना, म्हणून मला पुन्हा हाक आली. हाडं ठिसूळ होऊन तिची पाठ इतकी वाकली की मी तिला उंच होऊ लागले. सखानं करवतीनं मला खालून कापलं. ती करवत त्या वैद्याची होती, असं मी आजही समजते.

तिनं त्याला विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "वय झालं, मावशी. एक पुडी वाढवा."

गणपतीला तिची मुलगी समिधा शेलूहून आली आणि उंबऱ्यातच थबकली. "आये, तुझं तोंड असं कशानं झालं गं?" रोज बघणाऱ्या आम्हाला जे दिसलं नव्हतं, ते तिला दिसलं. तिनं उरलेल्या पुड्या उचलून पिशवीत टाकल्या. "आजपासून हे बंद!"

संशय खरा होता, पण घाई नडली. काही दिवसांतच सोनुबाईला उलट्या सुरू झाल्या. अंगणात तिला भोवळ आली आणि ती माझ्यावरच कोसळली.

कर्जतला डॉक्टर ऋजुताबाईंनी तिचं रक्त तपासायला घेतलं, लगेच सलाईन आणि इंजेक्शन दिलं. रिपोर्ट आल्यावर त्या खाटेजवळ बसल्या. "चेहरा बघून वाटतं, शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक फार झालंय. आणि रक्तात तर ते जवळजवळ नाहीच. म्हणजे तसलं औषध बाहेरून येत होतं. काय घेत होता, आजी?"

समिधानं पुड्या पुढं केल्या.

"यात स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच औषध असणार. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून फुकट मिळत राहिलं, म्हणून त्या झोपी गेल्या. तुम्ही पुडी एकदम तोडलीत, आणि त्या जाग्या झाल्याच नाहीत. आता मी तसलंच औषध देणार, पण मोजून. ते हळूहळू कमी करायचं. काही महिने लागतील."

सोनुबाई उसळली. "म्हंजे ज्यानं माजी वाट लावली, तेच खाऊ?"

"ग्रंथी जाग्या होईपर्यंत, हो."

सोनुबाईनं खाटेशी टेकवलेल्या मला जवळ ओढलं. मग माझी मूठ आवळून म्हणाली, "खाते. मला त्याच्या दारात पायावर उभं ऱ्हायाचंय."

मित्रांनो, त्या दिवसापासून आम्ही दोघी एकच झालो.

तिनं औषधाची एकही वेळ चुकवली नाही. चेहऱ्याची सूज ओसरली, पुड्यांनी रक्तात वाढलेली साखर आटोक्यात आली. पाठ मात्र सरळ झाली नाही, कधी होणारही नाही. तिकडं समिधानं औषध प्रशासनाकडं तक्रार केली. पुड्यांच्या तपासणीत स्टिरॉइड निघालं, आणि अधिकारी छापा घालायला निघाले. सोनुबाईला माणूस ओळखण्यासाठी बोलावलं होतं. "आजी, तुम्ही गाडीतच बसा," ते म्हणाले.

ती बसली नाही. दुकानाला वळसा घालून ती मागच्या दाराशी गेली. आत बरण्यांची घाईघाईची आदळआपट ऐकू येत होती. तिनं मला उचललं. मला वाटलं, आता त्याची पाठ! मी आसुसले होते. पण तिनं मला दाराच्या दोन्ही कड्यांतून आरपार घातलं.

आतून दार हिसकलं गेलं. "कोण आहे? उघडा!"

"मी, सोनुबाई," ती शांतपणे म्हणाली. "तुमी आतच ऱ्हा."

तो दार ओढत राहिला. माझ्या अंगातून कड्‌कन आवाज आला, उभी चीर गेली. पण मी सोडलं नाही. माझ्या साऱ्या आयुष्यात इतकं गोड दुखणं मला ठाऊक नाही. पुढून अधिकारी आत शिरले, तेव्हा पुडीत कुटून घालायच्या पांढऱ्या गोळ्यांची बरणी त्याच्या काखेतच सापडली.

मला कड्यांतून काढून सोनुबाई पुढच्या दाराशी आली, तेव्हा पुडीसाठी बाकावर बसलेली माणसं घाबरून उठत होती. एकानं आपली पुडी गटारात फेकायला हात उगारला. "थांब रं!" सोनुबाई ओरडली. "एकदम सोडू नको. मी मरता मरता वाचले. आदी डाक्टरकडं जा."

खटला चालू आहे. चिरेवर तार गुंडाळून सोनुबाई मला प्रत्येक तारखेला घेऊन जाते, आणि तो दिसेल अशा जागी बसते. तो मान खाली घालतो. माझं तेवढ्यानं भागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं नीट बघा. चेहरा गोल आणि हातपाय बारीक होत असतील, तर ते कसली पुडी घेतात हे विचारा, आणि त्यांना पुडीसकट डॉक्टरकडं न्या. सोनुबाईच्या वाकलेल्या पाठीचा हिशेब मी विसरणार नाही. तुमच्या घरातल्या कुणासाठी असा राग धरण्याची वेळ कुठल्याही काठीवर येऊ देऊ नका.