शेठच्या पुढ्यात लिंकन

शेठना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायची हौस उल्हासचीच. अबूधाबीतल्या मराठी मंडळाची इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा, त्यात सातवीतली काव्या दरवर्षी पहिली. मालकाच्या हातून लेकीनं कप घेतला की आपलंही वजन वाढेल, असे मांडे तो मनात खात होता. ती बोलणार काय, हे विचारायचं मात्र राहिलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

काव्यानं लिंकनचं भाषण धरलं. अर्धे गुलाम आणि अर्धे मोकळे असला देश फार काळ टिकायचा नाही, असं ती खणखणीत सांगू लागली, आणि पहिल्या रांगेत शेठच्या शेजारी बसलेल्या उल्हासनं चोरून शेठकडे पाहिलं.

मुसफ्फाच्या कारखानदारी भागातल्या शेठच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या कामगारांचे पासपोर्ट उल्हासच्या कपाटात कुलूपबंद असत. शेठचा हुकूमच तसा. मागे एका शुक्रवारी काव्या ऑफिसात बसली असताना एक वेल्डर रडत आला होता. त्याची आई गेली होती, त्याला पासपोर्ट हवा होता. "शिपमेंट जाऊ दे, मग बघू," म्हणून उल्हासनं त्याला वाटेला लावलं होतं. पोरीनं सगळं पाहिलं होतं.

आता तिनं वर्कशॉपचं नुसतं नाव घेतलं तरी खलास. व्हिसा कॅन्सल, तिची शाळा बंद, बिऱ्हाड गुंडाळून परत. उल्हासचा शर्ट एसीतही पाठीला चिकटला.

टाळ्या संपल्या आणि शेठनी माइक मागून घेतला. "बहुत अच्छे, बेटा! अब ये बताओ, आजकल भी कहीं ऐसे गुलाम होते हैं?"

"येस सर," काव्या लगेच म्हणाली. "आय हॅव सीन..."

बोलता बोलता तिनं बापाकडे पाहिलं. त्यानं डोळे वटारले नाहीत, मान हलवली नाही. नुसता पांढराफटक पडून बघत राहिला. बापाला इतकं घाबरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"...इन बुक्स, सर. ओन्ली इन बुक्स."

उल्हासचा जीव भांड्यात पडला. कप घेऊन काव्या खाली आली, त्याच्याजवळ उभी राहिली. त्यानं तिचा हात धरला, तर तो गारठलेला.

"बड़ी समझदार है," शेठनी त्याची पाठ थोपटली. "बिलकुल तुम पर गई है."

"थँक्यू, सर," उल्हास म्हणाला. काव्यानं हळूच आपला हात सोडवून घेतला.