मीरासाहेबांची गाडीवाट

सत्तरी उलटली आणि मीरासाहेबांना मरणाचा छंद लागला. दर जुम्म्याला नमाजाहून आले की छातीवर हात ठेवून ओसरीवर आडवे होत, आणि मुलगा युसुफ वीटभट्टी सोडून धावत येई. म्हाताऱ्याला काही झालेलं नव्हतं. दुपारी दोन भाकऱ्या बिनतक्रार जात होत्या.

या सोंगामागं नात होती. ताहेरा मॅट्रिक झाली होती, तिला पुढं शिकायचं होतं, आणि तिचा बाप युसुफ स्थळं धुंडाळत होता. "पोरीला कॉलेज? न्हाई म्हंजे न्हाई," असं त्यानं ठणकावलं होतं. घरात आता त्याचंच चाले. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता आणि पवनेकाठच्या त्याच्या विटा हातोहात खपत होत्या.

भट्टीपासून मुंबई रस्त्यापर्यंतची गाडीवाट तेवढी अजून म्हाताऱ्याच्या नावावर होती.

एक दिवस मीरासाहेब पुण्याच्या वकिलाकडं जाऊन आले आणि जेवताना म्हणाले, "मृत्युपत्र केलं. वाट विद्यापीठाला दिली."

युसुफचा घास हातातच राहिला. "आन् आमच्या गाड्या, अब्बा?"

"मी गेल्यावर भाडं भरा. एक सूट हाय. घरातलं कुणी तिथं शिकत असंल, तोवर भाडं न्हाई."

युसुफ तडक काझींकडं गेला. काझींनी शांतपणे सांगितलं की इस्टेटीचा तिसरा हिस्सा माणूस मर्जीनं बाहेरच्या कुणालाही देऊ शकतो, वारसांना विचारायचं कारण नाही. आणि वाट तर त्याहून पुष्कळ लहान आहे. तो घरी आला तर म्हातारा आडवा, आणि या खेपेला कण्हणं जरा जास्तच. युसुफ स्वतः पाचवीत दोनदा बसलेला. घरात शिकण्याजोगं दुसरं होतं कोण?

जूनमध्ये तो स्वतःच ताहेराला चिंचवड स्टेशनवर सोडायला गेला. मग रोजच जाऊ लागला. मोहल्ल्यात कुणी नाक मुरडलं की अंगावर जायचा, "तुमच्या गाड्या अडणार हायत का?" परीक्षेत तिला ताप भरला तेव्हा रात्रभर उशाशी बसला. तेव्हा त्याला वाट आठवली नसावी, असं मीरासाहेबांना वाटलं आणि फार बरं वाटलं.

सत्तावन्न साली ताहेरा बी.ए. झाली. म्हाताऱ्याचे डोळे खरोखरच भरून आले. युसुफनं पेढे वाटले, स्वतःचा पेढा तोंडाशी नेला आणि एकदम थबकला. आता घरात शिकणारं कुणीच नव्हतं.

नेमका तेव्हाच मीरासाहेबांचा हात छातीवर गेला.

"ताहेरा," युसुफ घाईघाईनं म्हणाला, "बी.ए.च्या फुडं काय असतं गं?"

"एम.ए., अब्बा. पण तुम्ही तर स्थळ…"

"स्थळ थांबंल! उद्याच नाव घाल. आन् सावकाश शिक, घाई न्हाई."

तो पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारी गेला. ताहेरा ओसरीवर आडव्या झालेल्या आजोबांच्या उशाशी टेकली आणि हळूच म्हणाली, "दादा, एम.ए. झाल्यावर?"

मीरासाहेबांनी एक डोळा उघडला.

"त्याच्या फुडंबी कायतरी असंलच की. मला कुठं मरायची घाई हाय?"